आसाला तीन घाव

धाड या गावाजवळच्या आमच्या खेड्यात सासऱ्यांची भट्टी होती. भाता मी ओढायची आणि घणही मीच मारायची. लोहाराच्या घरात सुनेला हे काम असतंच. बाजारातून भंगार आणलं की सासरे त्याचे ढीग लावत. मऊ लोखंड एकीकडे, कडक पोलाद दुसरीकडे, आणि ठिसूळ ओतीव लोखंड, म्हणजे बीड, लांब. कड्या, खिळे, खुरपी यांना परीक्षा माफ. तुटलं तर दुसरं करता येतं. बैलगाडीची चाकं ज्यावर फिरतात त्या आसाला मात्र माफी नाही. तो थंडीत रात्रभर उघड्यावर ठेवायचा आणि सकाळी घणाचे तीन घाव घालायचे. उन्हात नुसतं वाकणारं हिणकस लोखंड गारठ्यात काचेसारखं तडकतं.

नणंदेसाठी आलेलं स्थळ लोहाराचंच होतं. मुलगा परीक्षेच्या आदल्या दिवशी स्वतः घडवलेला आस घेऊन आला. आस तुटला तर सोयरीकही तुटणार, हे सगळ्यांना माहीत होतं. नणंदेला मुलगा आवडला होता.

सकाळी सासऱ्यांनी आस दोन दगडांवर आडवा ठेवला.

"मामा, रेल्वेच्या रुळाचं लोखंड हाय. याले काय मारता?" मुलगा म्हणाला.

"मंग भिऊन काऊन राह्यला?" सासरे म्हणाले.

नणंद माझ्या कानाशी लागली, "वयनी, हळू मारजो वं."

"उद्या गाडी मोडली तं तूच बसली राहशीन तिच्यात," मी म्हटलं.

पहिल्या घावाला आस खणखणला. दुसरा मी जीव लावून मारला. आसाला काही झालं नाही, पण घणाचा दांडा मोडला आणि त्याचं लोखंडी डोकं उडून बाजूला शेण कालवणाऱ्या सासूबाईंच्या पाटीत पडलं. त्या कोपरापर्यंत माखल्या.

"अवं, मले कोन्त्या ढिगात टाकता?" त्या ओरडल्या.

"मामा, दांड्याले माफी देल्ली होती काय?" मुलानं विचारलं.

दांडा सासऱ्यांनीच बसवला होता. हसून हसून ते खाली बसले. म्हणाले, "जाऊ द्या, तिसरा माफ."

"माफ काऊन? दुसरा घण हाय ना," मी म्हटलं. नणंदेनं मला जोरात चिमटा काढला.

मुलगा म्हणाला, "वयनी बराबर बोलून राह्यली." त्यानं दुसरा घण उचलला आणि माझ्याहून जोरात हाणला. आस टिकला. नणंद घरात पळाली. सासूबाई तशाच शेणाच्या हातानं जावयाच्या तोंडात गुळाचा खडा घालायला निघाल्या, तेव्हा मात्र तो पहिल्यांदा घाबरला.