सुमनबाईंनी शिकवलेला समुद्र

शाळेचा शिपाई शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चिखलीच्या घोलपबाई गेल्या." मी नववीच्या निबंधांवर लाल रेघा मारत होते. पुढचे दोन निबंध मी तसेच तपासले, गुणही दिले. काय तपासलं ते आज विचाराल तर सांगता यायचं नाही. सुमन घोलप आमच्या चिंचवडच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. सतरा वर्षं आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. त्यांना जाऊन आता पाच आठवडे झाले. शोकसभेत मी बोलले नाही, कारण जे बोलायला हवं होतं ते तिथे बोलायची हिंमत नव्हती. इथे लिहिते आहे.

सुमनबाईंचं माहेर बीडकडचं, सासर चिखलीचं जुनं शेतकरी घर. नवरा कंपनीत, तिन्ही शिफ्टमध्ये फिरता. सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हापासून त्यांचं सगळं अंथरुणातच, आणि ते सगळं सुमनबाईंकडे. सकाळी त्यांना पुसून, भरवून, कूस बदलून ही बाई बस गाठायची आणि शाळा सुटली की पुन्हा बस. सहलीला नाही, लग्नकार्याला नाही, सिनेमाला तर नाहीच. मी एकदा चिडून म्हटलंही, की तुमच्यापेक्षा कंपनीच्या वॉचमनला जास्त सुट्ट्या मिळतात. त्या हसल्या आणि बस चुकेल म्हणून निघाल्या.

अशा बाईंची समुद्राशी गाठ पडली ती पुण्यातल्या शिक्षकांच्या एका सभेत. कोकण किनाऱ्यावरच्या एका संशोधन केंद्रातले डॉ. नायक तिथे आले होते. समुद्राचा अभ्यास करणारा माणूस. आमच्याकडे समुद्र आहे पण मुलं नाहीत, तुमच्याकडे मुलं आहेत, तर धडे मिळून लिहू या, असं ते म्हणाले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, सुमनबाईंनी पत्ता लिहून घेतला. मग सुरू झाला पत्रांचा उद्योग. नायकांनी धडा लिहून पाठवायचा, बाईंनी तो आठवीला शिकवायचा आणि मुलांनी जे विचारलं ते त्यांच्याच शब्दांत, एक अक्षर न सुधारता, परत कळवायचं. भरती रोज पन्नासेक मिनिटं उशिरा का येते, हा धडा चालला होता, तर एका मुलीने विचारलं, समुद्राची शिफ्ट रोज बदलते, मग कोळ्यांच्या घरी स्वयंपाक कधी करायचा? नायकांनी तो धडा त्या प्रश्नापासूनच नव्याने लिहिला. मी मराठीची बाई, त्या प्रश्नांतली भाषा सुधारायला बसायचे, आणि सुमनबाई माझ्या हातून कागद काढून घ्यायच्या.

एकदा नायकांनी समुद्राच्या पाण्याच्या तीन बाटल्या पाठवल्या, वेगवेगळ्या खोलीवरून काढलेल्या. पाणी आटवून किती मीठ उरतं ते मुलांनी पाहायचं होतं. पार्सल दिवाळीच्या सुट्टीत आलं म्हणून बाईंनी ते घरी नेऊन ठेवलं. शाळा उघडल्यावर प्रयोग झाला. दोन बश्यांत मीठ उरलं, सगळ्यांत खोल पाण्याच्या बशीत जवळजवळ काहीच नाही. बाईंनी इमानदारीने तसं कळवलं. असं होऊच शकत नाही, असं नायकांचं उत्तर आलं. बाईंनी उलट लिहिलं, सगळ्या वर्गाने पाहिलंय. बिचाऱ्या नायकांनी आपल्या केंद्रातल्या बाटल्या पुन्हा तपासल्या. महिनाभर हा वाद चालला आणि मग एक दिवस सासूबाईंनीच सांगून टाकलं. मी तेव्हा चिखलीला त्यांच्या घरी बसले होते, म्हणून शब्द न् शब्द आठवतो.

"म्याच घेतलं गं अंगावर. सोमवती अवसंला समिंदराचं पानी घ्यावं म्हन्त्यात. शेजारनीला वतायला लावलं, अन् बाटलीत हिरीचं भरून ठिवलं. मला कोन नेतंय तितवर? तू जाशील कवा तरी. मी न्हाई जायची."

शाळेत उरलेलं थोडं पाणी सुमनबाईंनी घरी आणलं आणि सासूबाईंच्या हातापायांवर घातलं. नायकांना खरं ते कळवलं. रागावणं बाजूलाच, त्यांनी आमंत्रण पाठवलं. किनाऱ्यावर शिक्षकांचा आठ दिवसांचा वर्ग, त्यात एक दिवस संशोधनाच्या बोटीवर.

आता माझं सांगते. सुमनबाईंची रजा मंजूर झाली होती. सासूबाईंपाशी फक्त एक बाईमाणूस हवं होतं. मी राहते म्हटलं, आपणहून म्हटलं. सुमनबाईंनी बोटीवर घसरू नये म्हणून रबरी तळव्याची नवी चप्पल घेतली आणि ती घालून शाळेच्या व्हरांड्यात चालून दाखवली. निघायच्या दोन दिवस आधी आमचे हे म्हणाले, परक्याच्या सासूची घाण काढायला जाणार का? एवढंच, आणि एकदाच. घरून परवानगी मिळाली नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. ते खरं नाही. हे बोलले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. त्या खोलीची, त्या वासाची मला भीती वाटत होती आणि कुणीतरी आपल्याला अडवावं म्हणून मी वाट पाहत होते... सुमनबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "असू द्या, नलिनीबाई." दुसऱ्या दिवशी त्यांनी आठवीचा तास नेहमीसारखा घेतला. मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

सासूबाई आणखी सहा वर्षं जगल्या. त्या गेल्या तोवर सुमनबाईंच्या मूत्रपिंडाचं दुखणं सुरू झालं होतं. घरातलं ते अंथरूण फार दिवस रिकामं राहिलं नाही.

गेल्या पंधरवड्यात नायक शाळेत आले. केस पिकलेले, काखेत पत्रांची फाइल. त्या आमंत्रणाला सुमनबाईंनी पाठवलेलं उत्तर त्यांनी मला दाखवलं. त्यात माझं नाव असणार म्हणून मी आधी तेच शोधलं. नाव होतंच. लिहिलं होतं, "मला येता येत नाही. माझ्या मैत्रीण नलिनीबाई इथे थांबणार होत्या, पण त्याही माझ्याइतक्याच अडकलेल्या आहेत. पुढच्या वेळी आम्हां दोघींनाही बोलवा. एकीला तरी जमेल." मग आठवलं, दर वर्षी त्या मला विचारायच्या, कोकणात येणार का? आणि मी ते थट्टेवारी न्यायचे. ती थट्टा नव्हती, हे कळायला मला त्यांचं पत्र वाचावं लागलं.

विज्ञानाचे नवे शिक्षक अजून मिळालेले नाहीत, म्हणून मुख्याध्यापकांनी आठवीचा तो तास मला दिला आहे. नायकांचे धडे घेऊन मी प्रयोगशाळेत उभी राहते. परवा एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलाय का समुद्र?" मी नाही म्हटलं. मग कधी जाणार, असं तिने विचारलं आणि मी फळा पुसायला वळले. मागच्या बाकावरून दुसरी म्हणाली, "घोलपबाईंना पण आम्ही विचारलं होतं. त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी."

मग तीच म्हणाली, "माझ्या ताईच्या वर्गाला पण त्यांनी तेच सांगितलं होतं, बाई."