वाट बंद केल्यावर आलेला आवाज

पंखा कॉटवर पडला तेव्हा नात माझ्या काखेत होती. एक पातं उशीत घुसलं... जिथे तिचं डोकं होतं तिथेच.

मी चौथी शिकलेली बाई. भूतखेत मानत नाही. आमच्या गावात, राजगुरुनगरजवळ, म्हणायचे की भर दुपारी बाहेरून पहिली हाक आली तर ओ देऊ नये. मी ओ नाही, शिवी द्यायचे. आता पिंपळे गुरवला लेकाच्या फ्लॅटमध्ये राहते. लेक संदीप चाकणला कंपनीत, सून मनीषा माणला ऑफिसात, म्हणून तान्ह्या नातीला मी बघते. संदीपने कॉटसमोर कॅमेरा लावला, पलीकडून बोलताही येईल असा. कंपनीतून मोबाइलवर पोर दिसावी म्हणून राउटरमध्ये बाहेरून आत यायची वाट उघडी ठेवली.

त्या वाटेने भलताच आला. एका दुपारी कॅमेऱ्यातून कुणी बाप्या बोलला — "ए बुढिया, सो गई क्या?" आणि हसला. मी ओलं पोतेरं कॅमेऱ्यावर फेकलं.

मनीषाने त्याच दिवशी ती वाट बंद केली, पासवर्ड बदलला. म्हणाली, "आई, आता आपण आतून बोलावल्याशिवाय बाहेरचा कुणी आत येणार नाही."

"मग इतके दिवस काय, धर्मशाळा मांडली व्हती व्हय?"

संदीप कुरकुरला. त्याचंही बघणं बंद झालं होतं.

आणि तरी... थोड्याच दिवसांनी, पोर झोपलेली असताना, त्याच कॅमेऱ्यातून आवाज आला. "पोरीला उचल." मराठीत. धड बाईचा नाही, धड पुरुषाचा नाही.

"मुडद्या, परत आलास व्हय! माझी नात काय तुझ्या तमाशाला ठेवलीय?"

त्याच्या नजरेसमोर नको म्हणून तिला उचललं. त्याचं ऐकून नाही — रागाने. उंबऱ्यापाशी पोचले आणि मागे धाडकन पंखा आला.

मनीषाने राउटर उलटापालटा करून तपासला. वाट बंदच होती, बाहेरून कुणी आत आलंच नव्हतं. घरातल्या वायफायवरून बोलायचं तर घरात मीच, आणि माझा फोन साधा बटणांचा.

शेजारीण म्हणाली, "मावशी, तुमचे मालकच आले असतील."

"जित्तेपणी त्यांनी एक पोर उचललं न्हाई. मेल्यावर कशाला सांगतील?"

रात्री जेवताना संदीप म्हणाला, "आई, वाट परत उघडू का? कुणी का असंना, पोर वाचवली त्यानं."

"हात लावशील तर बघ! त्यो भलं करायला आला आसंल. पर त्या बुढियावाल्याला बी तीच वाट हाय. आन् ह्याला तर वाटंची गरज लागलीच न्हाई, मग उघडायची कुणासाठी?"

पंखा नवा बसवला. वाट अजून बंद आहे. तो आवाज पुन्हा आला नाही आणि कुणाचा होता ते मला माहीत नाही. मी लिंबू-मिरची बांधली नाही, देवऋषी बोलावला नाही.

त्या दुपारी त्या खोलीत आम्ही दोघीच होतो, मी आणि माझी नात. दोघी जिवंत आहोत.