रक्त नको म्हणाले होते

माझी मुलगी सातव्या महिन्यातच झाली. दुष्काळाच्या आदल्या वर्षी. मी तेव्हा वैरागला माहेरी होते. पोटात दुखायला लागलं तशी आईनं मला एसटीत घातलं आणि सोलापूरला आणलं. नवरा एसटीतच कंडक्टर होता, पण त्या दिवशी तो माढ्याच्या गाडीवर होता. तो आला तोवर मुलगी होऊन गेली होती.

दवाखाना खाजगी होता, शहरातल्या नावाजलेल्या डॉक्टरांचा. त्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत. त्यांच्या हाताखाली एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, अक्कलकोटकडच्या. मराठी बोलताना मधेच कानडी हेल यायचा. मुलीला कापसात गुंडाळून दिवा लावलेल्या पेटीत ठेवलं होतं. माझं दूध काढून नळीनं तिच्या पोटात सोडायचे. माझी आई पेटीच्या काचेला नाक लावून उभी राहायची.

"एवढं कसं गं हे," ती म्हणायची. "पर तोंड हलवतंय बघ. भूक हाय तिला."

पहिला पंधरवडा बरा गेला. मग मुलगी पांढरी पडायला लागली. आधी ओठ, मग तळवे. दूध पचेना. मधेच श्वास थांबायचा. नर्स तळपायाला टिचकी मारायची, मग पुन्हा सुरू व्हायचा. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, रक्त फार कमी झालंय, थोडंसं दिलं तर बरं. नवऱ्याचं रक्त तपासलं, ते जुळलंही. तो बाही वर करून बसला होता.

मोठे डॉक्टर आले. पेटीत बघितलं. मी पलीकडे स्टुलावर बसले होते, डोक्यावर पदर, नऊवारीतली माझी आई शेजारी. त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि डॉक्टरीणबाईंशी इंग्रजीत बोलायला लागले. रक्त नको म्हणाले. मग म्हणाले, "इफ इट लिव्हज, इट विल बी डल."

मी मॅट्रिक झाले होते. इंग्रजी बोलता येत नसलं तरी एवढं मला कळत होतं. जगली तर मंद निघेल, म्हणून रक्त नको. आणि माझी मुलगी त्यांच्या तोंडी "शी" सुद्धा नव्हती, "इट" होती.

आई म्हणाली, "काय म्हनले गं?"

मी म्हटलं, "काही नाही."

त्या वेळी मी भांडले नाही. मुलगी त्यांच्या पेटीत होती.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर एका लग्नासाठी बार्शीला गेले. दुपारी मुलीचा श्वास पुन्हा थांबला, आणि या वेळी टिचकीनं भागलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला फुंकरीनं, चोळून परत आणलं. तिचा श्वास सुरू झाल्यावर त्या बाहेर आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "या हो आत." त्याच्या दंडातून सुईनं रक्त काढलं, जेमतेम दोन-तीन चमचे असेल, आणि मुलीला अगदी हळूहळू दिलं. त्यांनी ओठ दाताखाली धरला होता. संध्याकाळी मुलीच्या कानाच्या पाळ्या लाल दिसायला लागल्या. आई म्हणाली, "आता मानूस दिसाय लागली की."

मोठे डॉक्टर परतल्यावर त्या बाईंना सगळ्या नर्सांसमोर बोलले. महिनाभरात त्या नोकरी सोडून विजापूरकडे गेल्या. जाताना मुलीच्या पायाला हात लावला. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मी पाहिलं आणि त्याच दिवशी ठरवलं की या मोठ्या डॉक्टरला मी सोडणार नाही.

मुलगी घरी आली, पण वर्षाची झाली तरी बसत नव्हती. मान सुद्धा उशिरा धरली. शेजारणी विचारायच्या, "अजून बसत नाही व्हय?" मी दार लावून घ्यायचे. रोज तेल लावून हातपाय चोळायचे, भिंतीशी उशा लावून बसवायचे, पडली की पुन्हा बसवायचे. नवरा संध्याकाळी उरलेली जुनी तिकिटं आणायचा. ती रंगारंगाची असत. मी ती तिच्यापुढे मांडायचे. हिरवं कुठलं, गुलाबी कुठलं. ती बघत राहायची. बोलणं तर तीन वर्षांची होईपर्यंत नव्हतं. मी एकटीच बोलायचे, तासन् तास.

एकदा नवरा म्हणाला, "तू पोरीला शिकवतीस का त्या डॉक्टरला?"

"दोघांनाही," मी म्हटलं.

पहिल्या वाढदिवसाला मी तिला डॉक्टरांना दाखवायला गेले नाही. न बसणारं मूल घेऊन कुठल्या तोंडानं जाणार? दुसऱ्या वाढदिवसाला ती धरून उभी राहायला लागली होती. तिला नवा फ्रॉक घातला आणि थेट मोठ्या डॉक्टरांचा दवाखाना गाठला. बाहेरची खोली माणसांनी भरली होती. डॉक्टर आतून बाहेर येऊन कंपाउंडरशी बोलत होते, तेवढ्यात मी मुलीला बाकाला धरून उभं केलं आणि मोठ्यानं म्हटलं, "डॉक्टर, ओळखलंत का? कमी दिवसांची. तुम्ही रक्त नको म्हणालात, ती."

बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. ते म्हणाले, "बाई, आत या, आत बोलू."

"आत कशाला? मी दाखवायला आले होते. दाखवून झालं."

घरी येईपर्यंत मी टांग्यात हसत होते. किती तरी दिवसांनी हसले असेन.

मग दर वाढदिवसाला जायचं ठरूनच गेलं. त्यांनी कंपाउंडरला सांगून ठेवलं होतं, या बाईला आत सोडू नको. मला आत जायचंच नव्हतं. मी बाकावर बसायचे आणि शेजारच्या बाईला विचारायचे, मूल कितव्या महिन्यातलं? मग आमची हकीकत सांगायचे, सावकाश, सगळी. ते इंग्रजी वाक्यसुद्धा जसंच्या तसं म्हणून दाखवायचे. एखादी बाई मूल उचलून निघून जायची. कंपाउंडर म्हणायचा, "बाई, असं करू नका हो, आमच्या पोटावर पाय येतो." मी म्हणायचे, "पुढच्या वर्षी येते."

मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा तिला जाड भिंगाचा चष्मा होता. गणितात कच्ची होती, अजूनही आहे. चालताना डावी टाच टेकत नव्हती. पण वाचायला लागली होती. दुकानांच्या पाट्या, वर्तमानपत्राचे तुकडे, दिसेल ते. त्या वर्षी डॉक्टरांनीच आम्हाला आत बोलावलं. मी तिला म्हटलं, "भिंतीवर काय लिहिलंय ते वाच यांना." तिनं लसीकरणाची पाटी अडखळत वाचली, पूर्ण वाचली. मग डॉक्टरांना म्हणाली, "माझी टाच दुखते."

हे ती मला कधी बोलली नव्हती. डॉक्टर खुर्चीवरून उठले, खाली बसले, तिचा पाय हातात घेऊन वळवून बघितला. चपलेला टाचेखाली चामड्याचा जाड थर लावून घ्या म्हणाले, आणि पोटरी ताणायचा व्यायाम दाखवला. मला त्यांचा हात तिच्या पायावर नको होता. पण मी तो व्यायाम नीट बघून ठेवला.

मग ते मला म्हणाले, "ही झाली त्याच महिन्यात एका बाळाला मी रक्त दिलं होतं. त्याच्या हृदयाला ते पेललं नाही, बाळ गेलं. आम्हाला तेव्हा कळत नव्हतं बाई, कुणाला द्यावं, किती द्यावं. आजही नीट कळत नाही. हिला रक्त दिलं नसतं तरी ही कदाचित जगली असती. नक्की मलाही माहीत नाही आणि तुम्हालाही नाही."

"मग हे तेव्हा सांगायचं होतं," मी म्हटलं. "भीती वाटते म्हणायचं. मंद निघेल कशाला म्हणालात?"

ते टेबलावरचा कागद सारखा करत राहिले. मी मुलीचा हात धरून निघाले. चपलेला थर लावून घेतला. वर्षभरात टाच टेकायला लागली आणि त्याचाही मला रागच आला.

पुढच्या हिवाळ्यात स्टँडवर एक बाई भेटली, कुंभारी गावची. कडेवर लहानसं मूल. सहज विचारलं, तर तेही सातव्या महिन्यातलं, त्याच दवाखान्यातलं.

"लई जपलं डॉक्टरनी," ती म्हणाली. "पांढरं पडलं तसं लगेच रगत दिलं. आमी मागायच्या आदीच."

मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या अंगाचा जाळ झाला. हिला न मागता, आणि माझ्या मुलीला नाही.

त्या वर्षी वाढदिवसाला मी एकटी गेले. मुलगी म्हणाली होती, मला शाळेत जायचंय. डॉक्टर दमलेले दिसले. मी उभ्याउभ्याच विचारलं, "कुंभारीच्या बाईच्या बाळाला लगेच रक्त दिलंत. माझ्या वेळी का नाही?"

त्यांनी चष्मा काढला. "खरं सांगू? आता असं मूल आलं की मला तुम्ही बाहेरच्या बाकावर बसलेल्या दिसता. रक्त त्या बाळासाठी दिलं की तुम्हाला घाबरून, मला सांगता येणार नाही. बाळ जगलं, एवढं खरं."

दुसरी एखादी बाई असती तर तिला त्यांची दया आली असती; मला मात्र बरं वाटलं, की मी त्यांना आठवते. मी बाहेर येऊन बाकावर बसले. कंपाउंडरनं न सांगता पाणी आणून दिलं. ते थंडगार होतं. मी सगळं प्याले आणि उन्हातून चालत घरी आले. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मग आता झालं की." मी त्याला जेवायला वाढलं. त्या दिवशी मीही पोटभर जेवले.