स्कार्फची गाठ
कांजी केलेल्या खाकीचा वास आला की मालवणचं बंदर आठवतं. बोट लागली की आम्ही स्काऊटची मुलं उतारूंचं सामान उचलायचो. सकाळी स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची आणि परक्या माणसाला मदत केल्यावरच ती सोडायची. घरच्यांची मदत धरत नसत. त्या दिवशी तीन वर्षांनी बाबा मुंबईहून येणार होते. दूर उभ्या बोटीवरून उतारूंना आणणारे होडीसारखे पडाव एकामागून एक किनाऱ्याला येत होते, माझा पाय जागेवर ठरत नव्हता. शेवटी ते दिसले. मी धावत पाण्यात शिरलो, त्यांची ट्रंक डोक्यावर घेतली. वाळूवर आल्यावर ते म्हणाले, "बरा केलंस, झिला. कोणाचो रे तू?" मी ट्रंक खाली ठेवली आणि गाठ सोडली. अजूनही गावात कुणी "कोणाचे तुम्ही?" विचारलं की हात आपोआप छातीशी जातो.