फुलबाजारातल्या मावशींचा चाकू

मार्केट यार्डात फुलं विकणाऱ्या त्या मावशींचं नाव मी कधी विचारलं नाही. बोथट चाकू निसटून एकदा अंगठा चिरला, तेव्हापासून स्वस्तातला टिकाऊ चाकू शोधायचाच, असं त्यांनी ठरवलं होतं. बुधवार पेठेतून आणलेला प्रत्येक चाकू त्या निशिगंधाच्या दांड्यांवर चालवून बघायच्या. “चकचकीत स्टील गंजत नाही, पण दुपारपर्यंत धार जाती. काळं पोलाद गंजतं, पण धार धरून ठेवतं,” म्हणायच्या.

कंपनीने अमेरिकेला पाठवलं, तेव्हा मी त्यांच्यासाठी तिथला भारी चाकू आणला. आठवडाभर वापरून, पुसून त्यांनी तो परत दिला.

“धार जराही गेली नाही, साहेब.”

“मग ठेवा की, मावशी!”

“हा हरवला तर दुसरा आणायला मी अमेरिकेला जाऊ का?”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. आपला काळ्या पोलादाचा घडीचा चाकू उघडून त्यांनी पुढची जुडी कापायला घेतली होती.