वहिनींचं नाक आणि टबातला लसूण

वहिनींच्या लसणावर मी पडलो. पडलो म्हणजे अक्षरशः, आणि तेही बुडावर. गॅलरीत कपड्यांची दोरी बांधायला स्टुलावर चढलो होतो. स्टुलानं ऐन वेळी अंग काढून घेतलं. खाली बाळाच्या अंघोळीचा जुना टब होता आणि त्यात हा लसूण. टब शाबूत राहिला, मीही राहिलो. लसूण मात्र भुईसपाट.

वहिनी कामावर होत्या. एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्या मुख्य स्वयंपाकीण, आणि त्यांचं नाक म्हणजे घरातली दहशत. मी कोपऱ्यावर ओढलेली सिगरेट त्यांना जिन्यात कळायची. दूध नासणार हे दुधाच्याही आधी त्यांना माहीत. त्यांनी हुंगल्याशिवाय कॅन्टीनचे मॅनेजर एक पातेलं बाहेर जाऊ देत नसत.

अशा बाई अलीकडे या लसणाच्या नादी लागल्या होत्या. पाकळ्या न सोलता, टोक वर ठेवून पुरल्या. ऊन सरकेल तसा टब सरकवला. एवढं करून त्यातली एक पात कधी कढईत पडली नाही. रोज सकाळी एक खुडायची, बोटांत चुरडायची, डोळे मिटून नाकाशी धरायची. बस्स.

"वहिनी, याला शाळेत कधी घालणार?" मी विचारायचो.

"आधी तुम्हाला घालते, भावजी. तुमचं वय निघून चाललंय."

आता या बाईंना तोंड कसं दाखवायचं? मी तडक नर्सरी गाठली. नवा लसूण उगवेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. माळ्यानं लिलीची रोपं पुढे केली.

"पात बघा, साहेब. लसणाला दाखवलीत तर तोही फसेल."

"आणि वास?"

"फुलझाड आहे. पातीला कसला वास?"

म्हटलं, चालेल. रोपं टबात लावली की संध्याकाळपर्यंत वेळ निघेल. संध्याकाळी ते नाक आपल्याला पकडणारच, तेव्हा हसत हसत कबूल करून टाकू.

नाकानं पकडलं नाही. दुसऱ्या दिवशी वहिनींनी पात खुडली, चुरडली, बराच वेळ हुंगली आणि आत गेल्या. पुढेही रोज तेच. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. कबुली राहून गेली. खरं सांगायचं तर मी ती राहू दिली. वहिनी हल्ली गप्प असायच्या, ताटावरून अर्ध्यातच उठायच्या. मला वाटलं, दादाचं आणि त्यांचं काही बिनसलं असेल. आपण कशाला नाक खुपसा?

मग एका सकाळी त्या बाहेर जायच्या कपड्यांत गॅलरीत आल्या.

"भावजी, तुमच्या दादांना अजून बोलले नाहीये. आज मॅनेजरसाहेबांना सांगून काम सोडतेय."

"अहो, का?"

"मला वास येत नाही."

मला आधी थट्टाच वाटली. पण त्या टबाकडे बघत बोलत राहिल्या. मागच्या तापात वास गेला तो गेलाच. "नाकावर जगणारी बाई मी. नाकच गेलं म्हणून कुणाला सांगू? लाज वाटायची. डॉक्टर म्हणाले, एकच उग्र वास रोज घेत जा, कदाचित परत येईल."

"मग कॅन्टीनमध्ये लसणाचा ढीग असतो की!"

"सोललेली पाकळी झोंबते, भावजी. झोंबलं की मन म्हणतं, आला वास. पात झोंबत नाही. तिचा आला तर तो वासच. आणि आला होता हो! अगदी पुसट. तुम्ही दोरी बांधलीत ना, त्याच सकाळी. मग पुन्हा काही नाही. काल दूध करपलं आणि मी ते तसंच वाढू दिलं. माझ्यासमोर लोक पेले ओतून देत होते."

माझे कान तापले. इतके दिवस ही बाई फुलझाड हुंगत होती आणि स्वतःच्या नाकाला दोष देत होती.

"वहिनी, तो लसूण नाहीये."

"मग काय आहे?"

"लिली."

पडण्यापासून नर्सरीपर्यंत सगळं मी सांगितलं. सांगताना कुठेच हसू आलं नाही. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हातातली पात फक्त खाली टाकली.

मी तसाच पळालो आणि भाजीवाल्याकडून पातीसकट लसणाची जुडी आणली. वहिनींनी एक पात चुरडली, डोळे मिटले. मी श्वास रोखून उभा.

"आहे," त्या म्हणाल्या. "लांबून कुणी हाक मारावी तसा. पण आहे."

मी आनंदानं टाळी वाजवणार, तोवर त्यांनी पर्स उचलली आणि पायांत चपला सरकवल्या.

"आता कुठे निघालात?"

"मॅनेजरसाहेबांकडे. नाक अर्धंच आहे, तर अर्धंच आहे म्हणून सांगते. मग ठेवोत नाहीतर काढोत."

"अहो, आता येतोय ना वास? आज थोडा, उद्या पुरता येईल. तोवर गप्प राहिलात तर कुणाला कळणार आहे?"

वहिनी दारातून वळल्या.

"तुमच्यासारखं वागू?"