डाव्या हाताची कानस

शर्टांच्या कारखान्यात एकतीस वर्षं शिलाई यंत्रं दुरुस्त करून वालेन्ती ग्रिच्का निवृत्त झाला आणि पंधरा दिवसांत बायकोला नकोसा झाला.

"वालेक, आता आणखी एका दाराची बिजागरी खोललीस ना, तर तुलाच दाराबाहेर काढीन," बोगुशा म्हणाली.

मग मेहुण्यानं त्याला पोलंडमधल्या त्यांच्याच आउगुस्तूव्ह गावच्या नेमबाजीच्या क्लबात नेलं. तिथं सगळे दीडशे वर्षांपूर्वीच्या घडणीची, पण इटलीत नव्यानं बनवलेली रिव्हॉल्व्हरं चालवत होते. अशा जुन्या घडणीच्या हत्यारांना तिथं परवान्याची कटकट नाही. चक्राच्या घरांत काळी दारू ओतायची, वर उरलेली जागा भरायला चिमूटभर रवा, त्यावर शिशाची गोळी दाबायची आणि मागच्या बाजूला ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवायची. वालेन्तीनंही एक घेतलं, घरी आणून खोललं आणि त्याला हसू आलं. वरून आरसा, आतून नुसतं खडबडीत! चक्र ज्या कण्यावर फिरतं तो कणा नळीखालच्या भोकात तळापर्यंत पोचतच नव्हता. त्यामुळं नळी धरून ठेवणारी पाचर जास्त ठोकली की नळी चक्राला घासायची, कमी ठोकली की डुगडुगायची. त्यानं पितळेची चकती कापून भोकाच्या तळाशी बसवली, खडबडीतपणा कानशीनं घालवला आणि नळी जागच्या जागी घट्ट बसली. दोन वर्षांत अर्ध्या क्लबाची रिव्हॉल्व्हरं त्याच्या हाताखालून गेली.

मार्चमध्ये क्लबातला, आरागिरणीवर काम करणारा इरेनेउश एक रिव्हॉल्व्हर घेऊन आला.

"उस्ताद, हे तिसऱ्या बाराला अडतं. फुटलेल्या टोपीचे तुकडे घोड्याच्या फटीत पडतात."

वालेन्तीनं पाचर काढली, नळी उतरवली आणि ती दिव्याखाली धरली. भोकाच्या तळाशी पितळेची चकती होती. कडा मारलेली, त्याच्या चकत्यांसारखीच. आतल्या पट्टीवर कानशीच्या रेघा होत्या, त्याही डावखुऱ्या माणसाच्या, तिरक्या. वालेन्ती डावखुरा होता. क्लबात दुसरं कुणीच डावखुरं नव्हतं.

"हे मी कधी केलं?"

"तुम्ही? अहो, मी पहिल्यांदाच आणतोय. सुवाल्कीच्या एका माणसाकडून जुनंच घेतलंय."

वालेन्तीनं संध्याकाळी बोगुशाला विचारलं, "हे आपल्याकडं आलं होतं का गं पूर्वी?"

"मला सगळी सारखीच दिसतात. सगळी माझ्या टेबलावर काजळी सांडतात."

त्याला थोरला भाऊ आठवला. विसरण्याच्या आजारात तो शेवटी शेवटी स्वतःच्या मुलीला आई म्हणून हाक मारायचा. दुसऱ्या दिवसापासून वालेन्ती चोरून स्वतःची परीक्षा घेऊ लागला. शिलाई यंत्राचे भाग ओळीनं म्हणून पाहिले, सगळे आठवले. कारखान्यातल्या फाटकवाल्यांची नावं आठवली. मग पावाच्या दुकानात पोचला आणि कशाला आलो हेच आठवेना. दुकानदारीण म्हणाली, "पावाच्या दुकानात माणूस कशाला येतो, काका?" ती हसली, पण तो पाव न घेताच बाहेर पडला.

आठवडाभर त्यानं ते रिव्हॉल्व्हर नुसतं खोललं आणि जोडलं. शेवटी इरेनेउशकडून आधीच्या मालकाचा पत्ता घेऊन, रिव्हॉल्व्हर पिशवीत घालून बसनं सुवाल्कीला गेला. आधीच्या मालकानं सहज सांगितलं, "ते काम तेओदोझ्याबाईंचं. बाजारामागं किल्ल्या बनवतात ना, त्या."

दुकान चिंचोळं होतं. आत साठीची एक सडपातळ बाई शेगड्याच्या लोखंडी जबड्यात किल्ली पकडून घासत होती, आणि कानस तिच्या डाव्या हातात होती. तिनं वर पाहिलं.

"वालेन्ती उस्ताद! अगंबाई! या, या!"

तो दारातच उभा राहिला. चेहरा ओळखीचा वाटेना.

"ओळखलं नाहीत? चौऱ्याऐंशी साली कारखान्यात आठ महिने तुमच्या शेजारी काम शिकले मी. तुमचा शेगडा डाव्या हाताला बसवलेला, म्हणून मीही तशीच घासायला शिकले. लिहिते उजव्यानं आणि कानस मात्र डाव्यानं. नवरा म्हणायचा, तुझे दोन हात दोन घरांतले."

"आणि चकती? ती तर मी दोन वर्षांपूर्वी काढलेली युक्ती."

"यंत्राचा दांडा तोकडा पडला की तुम्ही काय करायचात? तळाशी चकती घालायचात, तेच मी केलं. मला वाटलं, सगळेच असं करत असतील."

म्हणजे डोकं शाबूत होतं. वालेन्तीला हायसं वाटलं, पण क्षणभरच. ही बाई आठ महिने खांद्याला खांदा लावून बसली होती आणि त्याच्या डोक्यात तिच्या जागी काहीच नव्हतं. बरं झालं म्हणावं की वाईट, हेच त्याला कळेना. त्यानं खोटं ठोकून दिलं, "हो हो, आठवलं."

"नाही आठवलं," तेओदोझ्या म्हणाली. "तुम्ही तेव्हाही असंच मान हलवायचात."

तिनं चहा केला. मग दोघांनी अडलेल्या घोड्याकडं मोर्चा वळवला. वालेन्तीचं म्हणणं, घोड्याचं तोंड गुळगुळीत केलं की टोपी त्याला चिकटायची नाही. तिचं म्हणणं, सांगाड्यात एक बारीक खिळा बसवायचा, म्हणजे घोडा मागं येताना टोपी तिथंच अडकून राहते. खिळ्याची गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. तासभर वाद झाला, शेवटी दोन्ही केलं. पुढच्या रविवारी इरेनेउशनं छत्तीस बार काढले, एकदाही अडलं नाही. नेमकं कशानं, ते दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नाही.

घरी त्यानं बोगुशाला नाव सांगितलं. ती लगेच म्हणाली, "तेओदोझ्या? ती जेवणाच्या सुट्टीत काकडीला मध लावून खाते, हे तूच तर सांगायचास. आपल्या लग्नाच्या वाढदिवसाला आली होती की!"

तेव्हा कुठं वालेन्तीनं तिला मनातली भीती सांगितली. बोगुशानं त्याला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी चित्रं दाखवली, आकडे उलटे म्हणायला लावले आणि सांगितलं, वयाच्या मानानं ठीक आहे. "वयाच्या मानानं" या शब्दांवर तो परतीच्या वाटेवर सबंध वेळ अडून बसला.

आता दर गुरुवारी तो सुवाल्कीला जातो. खिळा सरळ कसा बसवायचा ते तेओदोझ्या त्याला शिकवते आणि चुकला की म्हणते, "उस्ताद, मला तुम्ही असं शिकवलं नव्हतं." आपण काय शिकवलं होतं, ते तो तिलाच विचारतो.